इंग्लंडमध्ये खासगी पार्किंगचं तिकीट आलं तर

२०१६ च्या उन्हाळ्यात सासूबाई कराडहून पहिल्यांदाच आमच्याकडे स्लावला आल्या होत्या. त्या इथे असतानाच आम्हाला पार्किंगचं पहिलं तिकीट आलं. एका रिटेल पार्कमध्ये गाडी बारा मिनिटं जास्त उभी राहिली होती. पत्रावर गाडीचे दोन फोटो होते, एक गेटातून आत येतानाचा आणि एक बाहेर पडतानाचा. खाली रक्कम: १०० पौंड, चौदा दिवसांत भरले तर ६०. सासूबाईंनी पत्र हातात घेतलं. इंग्रजी वाचता आलं नाही तरी आकडा कळला. म्हणाल्या, "अगं, भरून टाक बाई. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." मी त्याच रात्री ६० पौंड भरले.

ते भरायला नको होते. गेटातून शिरल्यापासून जागा मिळेपर्यंत मारलेल्या चकराही त्या बारा मिनिटांत धरलेल्या होत्या. शिवाय दिलेली वेळ संपल्यावर बाहेर पडायला दहा मिनिटांची सवलत असते, हे मला माहीत नव्हतं. माझी नोकरी पेरोलमधली. तारखा आणि आकडे तपासणं हे माझं रोजचं काम, तरी ते पत्र मी दुसऱ्यांदा वाचलंही नाही, इतकी घाबरले होते. त्यानंतर मात्र या विषयाच्या मागे लागले. आता मंडळातले, मुलांच्या मराठी शाळेतले, शेजारपाजारचे लोक अशी पत्रं घेऊन माझ्याकडे येतात. मी वकील नाही. पण इतकी पत्रं वाचून आणि उत्तरं लिहून जे हाती लागलं ते नवीन आलेल्यांसाठी सविस्तर सांगते. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे पाहावेत.

आपल्या लोकांत दोन प्रकार मी पाहते. एक माझ्यासारखे, घाबरून लगेच भरणारे. दुसरे पत्र ड्रॉवरमध्ये टाकून देणारे: "खासगी कंपनी आहे, काय करणार आहे?" दोघांच्याही मनात कोर्टाचीच भीती असते. खरा रस्ता या दोन्हींच्या मधून जातो, आणि तो म्हणजे प्रत्येक पत्राला वेळेत, लेखी आणि विचार करून उत्तर देणं.

आधी पत्र कोणाचं आहे ते बघा

इथे पीसीएन नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यामुळे फार घोटाळा होतो. काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, येतं ते पेनल्टी चार्ज नोटीस. खासगी कंपनीकडून येतं ते पार्किंग चार्ज नोटीस. कागदाचा रंग, पिवळं पाकीट, रकान्यांची मांडणी सगळं सारखंच दिसतं. म्हणून पहिल्या ओळीतले शब्द वाचा आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचा.

काउन्सिलचं असेल तर इथे लिहिलेलं त्याला लागू करू नका. तो कायद्याने लावलेला दंड असतो, जबाबदारी थेट गाडीच्या मालकावर असते, चौदा दिवसांत भरलं तर निम्मी रक्कम घेतात, आणि तक्रारीची वाट काउन्सिलकडून स्वतंत्र ट्रायब्युनलकडे जाते. शेवटपर्यंत दुर्लक्ष केलं तर खरोखरचे बेलिफ, म्हणजे वसुलीचा कायदेशीर अधिकार असलेले लोक, दारात येऊ शकतात.

खासगी कंपनीचं तिकीट हा दंड नसतो. कायद्याच्या नजरेत तो करारातला पैशाचा दावा आहे. जागेवर पाटी लावलेली असते: दोन तास मोफत, त्यापुढे थांबलात तर १०० पौंड. पाटी वाचून, किंवा वाचता येण्यासारखी असताना, तुम्ही गाडी उभी केलीत म्हणजे करार झाला, असं कंपनीचं म्हणणं असतं. यात गुन्हा नाही, लायसन्सवर पॉइंट नाहीत, पोलिसांचा संबंध नाही. व्हिसावर असलेली मुलं फोन करतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून स्पष्ट लिहिते: नुसतं खासगी तिकीट आल्याने तुमच्या इथल्या राहण्यावर काही परिणाम होत नाही. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला आणि पैसे थकले तर मात्र गोष्ट बदलते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

"खासगी तिकीट फाडून टाका, काही होत नाही" असं सांगणारे काका प्रत्येक गणेशोत्सवात भेटतात. त्यांच्या काळी ते बऱ्याच अंशी खरं होतं, कारण गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला सिद्ध करता येत नसे. १ ऑक्टोबर २०१२ ला प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टमधली नवी तरतूद लागू झाली. खासगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणं बंद झालं आणि त्याच्या बदल्यात, काही अटी पाळल्या तर, गाडीच्या रजिस्टर्ड कीपरकडून पैसे मागण्याचा हक्क कंपन्यांना मिळाला. पुढे ४ नोव्हेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने बीव्हिस खटल्यात निकाल दिला. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास मोफत होते, बॅरी बीव्हिस यांची गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली आणि ८५ पौंडांचं तिकीट लागलं. प्रत्यक्ष नुकसान शून्य असताना ८५ पौंड कसले, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मान्य केला नाही. जागा फिरती ठेवण्यात कंपनीचं रास्त हित आहे आणि पाट्या ठळक होत्या, असं कोर्ट म्हणालं. त्यामुळे "रक्कम फार आहे" एवढाच मुद्दा घेऊन आज कोणी जिंकत नाही. पण त्याच निकालात पाट्यांच्या ठळकपणाला महत्त्व दिलंय, आणि ते आपल्या उपयोगाचं आहे.

कीपर आणि चालक

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तो कीपर. त्या दिवशी गाडी हाकली तो चालक. करार झाला असेल तर तो चालकाशी झालेला असतो. कंपनीला चालक माहीत नसतो. ती डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, दर गाडीमागे अडीच पौंड देऊन कीपरचं नाव-पत्ता घेते आणि त्याला पत्र पाठवते. कीपरकडून पैसे मागायचे तर २०१२ च्या कायद्यातल्या चौथ्या परिशिष्टाच्या अटी तंतोतंत पाळाव्या लागतात. एकही अट चुकली तर कंपनीकडे फक्त चालक उरतो, आणि चालक कोण हे खासगी कंपनीला सांगण्याचं बंधन कीपरवर नाही.

म्हणून पहिल्या फोनपासून शेवटच्या पत्रापर्यंत "मी गाडी लावली", "मला उशीर झाला", "माझ्या मुलीला बरं नव्हतं म्हणून मी थांबले" अशी वाक्यं लिहू नका. "गाडी", "चालक", "गाडीतले लोक" असे शब्द वापरा. यात खोटं काही नाही. चालक कोण नव्हतं याबद्दल खोटं मात्र कधीच लिहू नका. गप्प राहण्याचा हक्क आहे तेवढा वापरा. आणि फोन तर करूच नका. फोनवर आपण भाबडेपणाने सगळं सांगून टाकतो आणि आपल्या हातात कागद उरत नाही.

आता तारखा. कॅमेऱ्याने नंबर प्लेट टिपली असेल आणि काचेवर काही चिकटवलं नसेल, तर कीपरला नोटीस घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून चौदा दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. नुसती टपालात टाकून चालत नाही, पोहोचावी लागते. आणि उलट सिद्ध झालं नाही तर पत्र टाकल्यापासून कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी ते पोहोचलं असं धरतात. काचेवर नोटीस चिकटवली असेल तर हिशेब वेगळा: आधी अठ्ठावीस दिवस जाऊ द्यायचे आणि त्यापुढच्या अठ्ठावीस दिवसांत कीपरला पत्र आलं पाहिजे.

आमचंच उदाहरण सांगते. १४ ऑक्टोबर २०२३, शनिवार, सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून नारळ, विड्याची पानं, परडी, मातीचा घट असं सगळं घ्यायला वेम्बलीच्या बाजूला गेलो होतो. सासूबाई त्या वर्षी पुन्हा आल्या होत्या आणि त्यांचा गुडघा फार दुखत होता. गाडी एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये होती, दोन तास मोफत. बाहेर पडायला दोन तास एकतीस मिनिटं लागली. नवरात्र उलटून गेलं तरी पत्र नव्हतं, आम्ही विसरूनही गेलो. मंगळवारी ३१ तारखेला नवऱ्याच्या नावाने पत्र आलं, कारण लॉगबुकवर त्याचं नाव. पत्रावर तारीख २६ ऑक्टोबर, गुरुवार. मी कॅलेंडर काढलं. १५ ऑक्टोबरपासून चौदा दिवस म्हणजे शनिवार २८ ऑक्टोबर. गुरुवारी टाकलेलं पत्र कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी ३० तारखेला पोहोचलं असं धरायचं. दोन दिवस उशीर. गाडी त्या दिवशी मी चालवत होते, हे आता प्रकरण मिटल्यावर लिहायला हरकत नाही. पण तेव्हा ते कुठल्याही कागदावर आलं नाही. "माझ्या बायकोला सामान घ्यायला वेळ लागला" असं एक वाक्य नवऱ्याने भाबडेपणी लिहिलं असतं तर ते दोन दिवस आमच्या काहीच कामाचे नव्हते.

तेव्हा पत्र आल्या संध्याकाळी एवढं करा: पाकीट फेकू नका, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, घटनेची तारीख आणि नोटिसीची तारीख वेगळ्या कागदावर मांडा आणि दिवस बोटांवर मोजा. मग पत्राच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कीपरने पैसे भरले नाहीत आणि चालकाचं नावही कळवलं नाही तर अठ्ठावीस दिवसांनंतर कीपरकडून वसुली करता येईल, हा इशारा त्यात कायद्याच्या शब्दांप्रमाणे असावा लागतो. तो नसेल तर तोही मुद्दा. आणखी एक: विमानतळ आणि रेल्वे स्टेशनच्या काही जागांवर त्यांचे स्वतःचे कायदेशीर उपनियम चालतात. अशा जागांना हे चौथं परिशिष्ट लागू होत नाही, म्हणजे कीपरवर जबाबदारी येत नाही.

दुकानाकडे जा

अपील लिहिण्याआधी, किंवा लिहिता लिहिताच, जागेच्या मालकाकडे तक्रार करा. हा उपाय सगळ्यात साधा आहे आणि माझ्याकडे आलेल्यांपैकी सगळ्यात जास्त तिकिटं यानेच रद्द झाली. कार पार्क चालवणारी कंपनी ही भाड्याने ठेवलेली असते. जागा दुकानाची, जिमची, दवाखान्याची किंवा रिटेल पार्कच्या व्यवस्थापकाची असते, आणि त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. बिल घेऊन मॅनेजरला भेटा, किंवा मुख्य कार्यालयाच्या ग्राहक विभागाला लिहा. बिल हरवलं असेल तर बँकेच्या स्टेटमेंटमधली ती ओळ दाखवा. इथेही "आम्ही तुमचे गिऱ्हाईक आहोत, गाडीतल्या एका वयस्कर बाईंना चालायला वेळ लागतो, तिकीट रद्द करायला सांगा" एवढंच. कोणी चालवली ते नाही.

मॅनेजर कधी "आमच्या हातात नाही" म्हणतो. एकदा नाही म्हटल्यावर आपण संकोचून परततो. परतू नका, वरच्या पातळीवर लिहा. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी तीन ईमेल केल्या, तिसऱ्याला तिकीट रद्द झालं.

गुडघेदुखी, दमा, गरोदरपण यांबद्दल थोडं. चालण्याचा दीर्घकाळचा त्रास असेल तर २०१० च्या इक्वॉलिटी ॲक्टखाली जास्त वेळ देण्याची विनंती रास्त ठरते, ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंगचा परवाना) नसला तरी. उलट ब्लू बॅज आहे म्हणून खासगी जागेत आपोआप सूट मिळत नाही. तिथे पाटीवर काय लिहिलंय ते चालतं. हा फरक आई-वडिलांना घेऊन फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

कंपनीला पत्र

बहुतेक कंपन्या दोनपैकी एका संघटनेच्या सभासद असतात: ब्रिटिश पार्किंग असोसिएशन किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी. सभासद नसतील तर डीव्हीएलए त्यांना पत्ते देत नाही. पत्राच्या तळाशी बोधचिन्ह असतं, ते बघून ठेवा, कारण पुढची पायरी त्यावर ठरते. दोन्ही संघटनांची मिळून एक आचारसंहिता १ ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी सांगते.

जास्तीत जास्त रक्कम १०० पौंड, आणि चौदा दिवसांत भरल्यास चाळीस टक्के सूट. परवानगीची वेळ संपल्यावर निघायला किमान दहा मिनिटं. आत शिरल्यावर पाटी वाचून थांबायचं की जायचं हे ठरवायला वेगळी काही मिनिटं. मशीनवर नंबर टाकताना शून्याच्या जागी ओ पडला, एखादं अक्षर मागेपुढे झालं, तर पैसे भरल्याचा पुरावा दाखवल्यावर तिकीट रद्द व्हायला हवं. मोठी चूक असेल, उदाहरणार्थ घरातल्या दुसऱ्याच गाडीचा नंबर टाकला, तर २० पौंडांवर प्रकरण मिटवण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक सुधारणा झाली. त्याआधी मशीन बंद, ॲप चालत नाही, यात पाच मिनिटं उलटून गेली म्हणून पैसे भरूनही लोकांना तिकिटं लागत. आता कॅमेऱ्यावर चालणाऱ्या कार पार्कमध्ये बाहेर पडण्याआधी पूर्ण पैसे भरले असतील तर उशिरा भरले म्हणून तिकीट लावायचं नाही.

पुरावा लगेच गोळा करा. शक्य असेल तर त्याच आठवड्यात पुन्हा तिथे जा आणि पाट्यांचे फोटो काढा: गेटाजवळ पाटी आहे का, किती उंच, गाडीतून वाचता येते का, संध्याकाळी तिच्यावर दिवा आहे का, १०० पौंडांचा आकडा ठळक आहे की तळाशी बारीक. घटना रात्रीची असेल तर रात्रीच जा. एकाच दिवशी दोनदा जाऊन आलात आणि कॅमेऱ्याने मधलं बाहेर पडणं टिपलंच नाही, असंही होतं. पहिलं येणं आणि शेवटचं जाणं जोडून सहा तासांचं तिकीट पाठवतात. तेव्हा मधल्या वेळेत गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारं काहीही चालतं: पेट्रोलची पावती, डॅशकॅम, शाळेची हजेरी.

पत्र इंग्रजीतच लिहायचं, पण छोटं. आशय असा ठेवा:

"तुमची अमुक क्रमांकाची, अमुक तारखेची नोटीस मिळाली. मी या गाडीचा रजिस्टर्ड कीपर आहे. हे शुल्क मला मान्य नाही. त्या दिवशीच्या चालकाचं नाव देण्याचं बंधन माझ्यावर नाही आणि मी ते देत नाही. तुमची नोटीस कायद्याने ठरवलेल्या मुदतीत पोहोचलेली नाही, त्यामुळे कीपर म्हणून माझ्यावर जबाबदारी येत नाही. शुल्क रद्द केल्याचं लेखी कळवा. तसं करणार नसाल तर स्वतंत्र अपिलाचा कोड पाठवा."

मुदतीच्या जागी तुमचा जो मुद्दा असेल तो घाला. रागावू नका, विनवण्या करू नका, आणि माफी मागू नका. "सॉरी" हा शब्द आपल्या तोंडात इथे राहून बसलेला आहे, पण या पत्रात तो कबुलीसारखा वाचला जातो. कंपनीच्या साइटवर फॉर्म भरत असाल तर "मी चालक आहे / मी कीपर आहे" अशी खूण करायला लावतात, तिथे कीपर निवडा. पाठवल्यावर स्क्रीनचा फोटो ठेवा. टपालाने पाठवत असाल तर पोस्टातून पाठवल्याचा दाखला मागून घ्या, तो फुकट मिळतो.

आमच्या घटस्थापनेच्या तिकिटाला अशाच सहा ओळी पाठवल्या. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, या वेळी रद्द करत आहोत म्हणून. नवऱ्याने ते सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, "खरंच? पुन्हा मागणार नाहीत ना?" आणि मग पत्र देवघरात नेऊन ठेवलं.

कंपनीने नाही म्हटलं तर

तर स्वतंत्र अपील. ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सभासदासाठी पॉपला, दुसऱ्या संघटनेच्या सभासदासाठी इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस. पॉपलासाठी नकाराच्या पत्रात दहा आकडी कोड असतो. तो आला की अठ्ठावीस दिवसांत अपील करायचं. फी नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. हरलात तरी पुढे कोर्टात बाजू मांडता येते. इथे शिरलात की ६० पौंडांची सवलत मात्र सहसा संपते, हे धरूनच ठरवा.

पॉपलाला तुमची अडचण सांगून उपयोग होत नाही. दवाखाना, लेकरू रडत होतं, पाऊस होता, हे सगळं खरं असलं तरी ते फक्त करार आणि नियम बघतात. म्हणून मुद्दे तसेच घाला: नोटीस मुदतीत नव्हती, पाटी वाचण्याजोगी नव्हती, सवलतीची मिनिटं धरली नाहीत, आणि एक मुद्दा जो लोक विसरतात, तो म्हणजे या जागेवर तिकिटं लावायला जमीनमालकाने तुम्हाला लेखी अधिकार दिलाय का, तो दाखवा. हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असतं. पाटीचा अर्थ दोन प्रकारे लागत असेल तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे ग्राहकाच्या बाजूचा अर्थ धरायचा असतो, हेही लिहा. कंपनीने पुरावा सादर केल्यावर तुम्हाला त्यावर बोलायला काही दिवस मिळतात. त्या ईमेलकडे लक्ष ठेवा.

आणि मुद्दा खरंच नसेल तर? पाट्या ठळक, नोटीस वेळेत, दीड तास जास्त, दुकानदारही ऐकत नाही. तर ६० पौंड भरा आणि मोकळे व्हा. तसा सल्लाही मी कित्येकांना दिलाय.

कोर्टाची पायरी

अपील हरलात किंवा केलंच नाही, तर पत्रांचा दुसरा हंगाम सुरू होतो. वसुली एजन्सीची पत्रं येतात, रक्कम ७० पौंडांनी वाढून १७० होते, शब्द कठोर होत जातात. हे लोक बेलिफ नसतात. त्यांना घरात शिरण्याचा, काही उचलून नेण्याचा अधिकार नसतो. या पत्रांना घाबरू नका, पण उघडल्याशिवाय फेकूही नका, कारण याच गठ्ठ्यात एक दिवस लेटर बिफोर क्लेम, म्हणजे दावा लावण्याआधीची नोटीस, येतं. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तरात वाद आहे असं सांगा, कागदपत्रं मागा. कंपनीकडे तुमच्याबद्दल जी माहिती आणि फोटो आहेत ते सगळे फुकट मागण्याचा हक्क आहे आणि त्यांनी ते एका महिन्यात द्यायचे असतात.

त्यानंतर नॉर्थम्प्टनच्या कोर्ट केंद्रातून क्लेम फॉर्म आला तर तो खरा कोर्टाचा कागद. तिथून दिवस मोजा: फॉर्मवरच्या तारखेनंतर पाचव्या दिवशी तो तुम्हाला मिळाला असं धरतात. त्यापासून चौदा दिवसांत ऑनलाइन पोच द्यायची, म्हणजे बचाव दाखल करायला एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. पुढे फोनवर तासाभराची मध्यस्थी होते, तीही फुकट. मिटलं नाही तर तुमच्या जवळच्या काउंटी कोर्टात सुनावणी.

त्या सुनावणीला मी एकदा एका मुलीबरोबर धीर द्यायला गेले होते. मनात आपल्याकडचं कोर्ट होतं: काळे डगले, तारीख पे तारीख, बाकावर वर्षं. इथे एक टेबल होतं. टेबलाच्या टोकाला साध्या कपड्यात बसलेले न्यायाधीश, आणि त्यांनी तिला शांतपणे विचारलं, तुमचं म्हणणं काय. पाऊण तासात संपलं. कंपनीने पाटीचा जो फोटो दिला होता तो घटनेनंतरच्या वर्षाचा निघाला आणि दावा फेटाळला गेला.

हरली असती तरी काय झालं असतं, याचा हिशेब मी तिला आदल्या रात्री करून दिला होता. मूळ १००, वाढीव ७० मान्य झाले तर ते, कोर्टाची फी ३५, वकिलाचे ठरावीक ५०. मिळून २५५, वर सुनावणीची फी आणि थोडं व्याज. लहान दाव्यांत समोरच्या वकिलाचा मोठा खर्च सहसा आपल्यावर पडत नाही. आणि निकालानंतर महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर निकालाची नोंद रजिस्टरमधून काढून टाकतात. म्हणजे कोर्टात हरल्याने क्रेडिट बिघडत नाही. बिघडतं ते निकाल लागूनही पैसे न भरल्याने, किंवा क्लेम फॉर्मला उत्तरच न दिल्याने.

तेच रेडिंगहून मिल्टन कीन्सला गेलेल्या एका जोडप्याचं झालं. घर बदललं, बँक, दवाखाना, नोकरी सगळीकडे पत्ता बदलला, लॉगबुकवर बदलायचा राहिला. तिकीट, स्मरणपत्रं, क्लेम फॉर्म सगळं जुन्या घरी गेलं. कोर्टाने उत्तर नाही म्हणून एकतर्फी निकाल दिला. दीड वर्षाने पहिलं घर घ्यायला मॉर्गेजचा अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला आणि तेव्हा कळलं की सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा पैशाचा निकाल, नावावर आहे. अशी नोंद सहा वर्षं राहते. नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी निकालांबद्दल विचारतात. तो निकाल रद्द करून घेण्याच्या अर्जाची फीच तीनशे पौंडांच्या आसपास होती, आणि ते घर हातचं गेलं ते गेलंच. ती रडत होती आणि मला काय बोलावं सुचत नव्हतं. म्हणून ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत घर बदललंय त्यांनी आजच लॉगबुक काढून पत्ता बघा. डीव्हीएलएला ऑनलाइन कळवता येतं, पैसे लागत नाहीत. लायसन्सवरचा पत्ता वेगळा आणि लॉगबुकवरचा वेगळा, दोन्ही बदलावे लागतात.

भाड्याची किंवा कंपनीची गाडी असेल तर पत्र आधी त्यांच्याकडे जातं आणि ते पैसे भरून वर स्वतःची फी लावून तुमच्याकडून घेऊ शकतात. गाडी घेतानाच त्यांना लेखी सांगा की खासगी तिकीट आलं तर भरू नका, माझं नाव-पत्ता कळवा.

मिटलेल्या प्रकरणाचे कागदही जपून ठेवा. कराराच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते, आणि जुनं तिकीट दुसऱ्याच एजन्सीच्या नावाने पुन्हा उगवल्याचं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा रद्द केल्याच्या पत्राची प्रत पाठवल्यावर ते थांबलं. आमच्या १४ ऑक्टोबरच्या तिकिटाचं पाकीट, नोटीस, आमच्या सहा ओळी आणि ते दोन ओळींचं उत्तर आता देवघरातून काढून फाईलला लावलंय. ती फाईल ऑक्टोबर २०२९ पर्यंत कपाटात राहील.